भोंगा मास्तरांचे निरोप

मास्तरांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असे आणि बिचारं तिथंच राही. बाकी साऱ्या गावाला ते भोंगा मास्तर. गिरणीचा भोंगा बंद पडला त्याच वर्षी ते संस्थेत नोकरीला लागले, त्यामुळे लोकांची काही गैरसोय झाली नाही असं म्हणतात. वायरमनच्या कोर्सला ते शिकवत. त्यांनी वर्कशॉपमध्ये नुसतं ‘फ्यूज’ म्हटलं की बाहेर रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक दाबायचा.

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. आधी विद्यार्थ्याची यथेच्छ टिंगल करायची. “हा जोड दिलायस की दोन तारांचं जबरदस्तीनं लग्न लावलंयस? बघ, एकमेकींकडं पाठ करून झोपल्यात!” मग हसायचं. ते हसू पोटातून निघे, घशात अडखळे, आणि शेवटी जिना उतरणाऱ्या पिंपासारखं गडगडत खाली येई. आणि हसता हसता मास्तर त्या पोराचं मनगट धरत, पक्कड त्याच्याच हातात ठेवून तो जोड उलगडत, पुन्हा पिळत. हसू संपेपर्यंत जोड झालेला असे. पोरगं मान खाली घालून हसत असे आणि जोड विसरत नसे. ज्याला मास्तरांनी अजून टोपणनाव ठेवलं नाही, तो विद्यार्थी स्वतःला उपरा समजे. “सर, माझं काय चुकलं? मला काहीच बोलत नाही तुम्ही,” असं एकजण रडवेला होऊन विचारायला आला होता. मास्तरांनी त्याला तिथल्या तिथं ‘मुका पंखा’ करून टाकलं. तो आनंदानं गेला.

मग संस्थेला साइट झाली.

प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आता कोर्स घरबसल्या. धडे साइटवर. विद्यार्थी घरी लाकडी फळीवर वायरिंग करणार, त्याचा फोटो आणि उत्तराचं रेकॉर्डिंग टाकणार. शिक्षकांनी ते ऐकायचं आणि प्रत्येकाच्या नावाखाली आपला आवाजी निरोप टाकायचा. वर्कशॉप उघडणार ते एकदम परीक्षेला.

“म्हणजे भांडण टपालानं करायचं म्हणा की,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, जग पुढं चाललंय.”

“जाऊ द्या की. आम्ही मागून आवाज देतो.”

आवाज द्यायची जागा ठरली घरातलं कपाट. खोलीत रेकॉर्डिंग केलं की आवाज घुमायचा, एक मास्तर बोलायचे आणि चार ऐकू यायचे. मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मुलगी आणि ते. मुलगी दिवसा औषधाच्या दुकानात उभी असे, संध्याकाळी बापाची कारकून. तिनंच शोधून काढलं की रजयांच्या कपाटात डोकं घालून बोललं की घुमत नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी हा अंगानं भरलेला, आवाजानं उतू जाणारा माणूस कमरेपासून वर कपाटात आणि कमरेपासून खाली घरात, अशा अवस्थेत विद्यादान करू लागला. समोर रजया, उशा आणि एक जुना कोट. मास्तर त्या कोटालाच विद्यार्थी समजून झापत.

“बाबा, कोट घाबरला,” मुलगी बाहेरून म्हणे.

“घाबरू दे. पूर्वी घालत होतो तेव्हा कुठं माझं ऐकत होता?”

गंमत इथपर्यंत होती. पण मास्तरांच्या हसण्याला शेपटी फुटली होती. गडगडत खाली आलेलं हसू हल्ली तळाला खोकला होऊन बसे आणि उठता उठत नसे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकत. मुलगी पाणी घेऊन कपाटाशी उभी राही. महिन्याभरात प्राचार्यांनी मास्तरांना एकट्याला बोलावलं.

“निरोपांत खोकलाच फार येतो, मास्तर. विद्यार्थी विचारतात, सर आजारी आहेत का. तसं असेल तर विश्रांती घ्या ना. आम्ही दुसरी सोय करू.”

विश्रांती हा शब्द प्राचार्य फार प्रेमानं उच्चारत. ज्यांना ज्यांना त्यांनी तो उच्चारून दाखवला होता, ते सगळे आता घरी होते.

मास्तरांनी घरी येऊन ही हकिगत हसत सांगितली आणि सांगता सांगता खोकले. मुलगी हसली नाही. तिनं लॅपटॉप उघडला आणि दोन दिवस खटपट करून एक सोय शोधली: बोलण्यातले शब्द तेवढे ठेवायचे, शब्द नाही ते आपोआप छाटून टाकायचं. खोकला गेला, घसा खाकरणं गेलं, दम लागणं गेलं. “आवाज साफ करून टाकत जाईन आता,” ती म्हणाली.

“कर बाई. आजवर कोणी केला नव्हता.”

साफ केलेलं त्यांनी कधी ऐकलं नाही. पेटीत टाकलेलं पत्र कोणी परत काढून वाचतं का, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्यांकडून मात्र निरोप आला: ‘आता उत्तम.’

त्या तुकडीत एक वॉर्डबॉय होता. चाळिशी ओलांडून गेलेला बॉय. सरकारी इस्पितळात आयुष्यभर स्ट्रेचर ढकलून त्याच्या मणक्यात गॅप आली होती, आणि तिथल्याच डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं की आणखी ढकलशील तर एक दिवस तुलाच ढकलावं लागेल. इस्पितळाच्या वीजखात्यात जागा रिकामी होणार होती. वायरमनची परीक्षा पास झाला तर जागा त्याची, नाही तर स्ट्रेचर होतंच. त्याची उत्तरं अशी सुरू होत: “नमस्कार सर. मी धडा तीन बोलतोय.” पाठीमागं लिफ्टचं दार आपटे, कोणीतरी कण्हे, एखादी नर्स त्याच्या नावानं ओरडे, आणि हा कुजबुजत फेज कुठली न्यूट्रल कुठली ते सांगत असे. एकदा मधेच “एक मिनिट सर, पेशंट आला,” म्हणून गेला आणि रेकॉर्डिंग तसंच चालू. चाकांचा आवाज गेला, चाकांचा आवाज परत आला, आणि हा दम घेऊन म्हणाला, “तर अर्थिंग, सर.”

मास्तर त्याच्यावर खूश होते. सगळ्यांत आधी त्याचं उत्तर ऐकत. खूश होते म्हणजे नाव ठेवणं आलंच. नाव ठेवलं: ढकलगाडी.

एके दिवशी त्यानं फळीवर केलेल्या वायरिंगचा फोटो पाठवला. वायरिंग भयंकर होतं. मास्तरांना मनापासून आनंद झाला, कारण भयंकर वायरिंगवर त्यांची वाणी फुलून येई. ते कपाटात शिरले.

“अरे ढकलगाडी, बोर्ड पाहिला तुझा. हे वायरिंग आहे की मांजरानं लोकर विस्कटलीय? मोठे दिवे लावलेस! असा बोर्ड भिंतीवर ठोकलास तर उंदीरसुद्धा घर सोडून जातील. तू आपला पेशंटच ढकल बाबा, ते निदान कुठं दुखतंय ते सांगतात तरी. कर परत.”

मधे मधे मास्तर किती हसले! उंदरांच्या वेळी तर कपाटाचं दार हललं. मुलीनं पाणी दिलं, रेकॉर्डिंग घेतलं, साफ केलं, त्याच्या नावाखाली टाकलं.

त्यानंतर ढकलगाडीचा आवाज आला नाही.

आधी मास्तरांना वाटलं, ड्यूटी बदलली असेल. मग वाटलं, पाठ धरली असेल. मग ते संस्थेत गेले. प्राचार्य म्हणाले, “अहो, ऑनलाइनमध्ये गळती असतेच. तुमच्या तुकडीत जरा जास्त आहे, एवढंच.”

“जास्त म्हणजे?”

“अर्धी.”

मास्तरांनी तडक इस्पितळाचा रस्ता धरला.

इस्पितळाच्या लांबलचक बोळात, जिथं भिंतीला कमरेच्या उंचीवर स्ट्रेचर घासून घासून काळी पट्टी पडली होती, तिथं त्यांनी एका नर्सला विचारलं. म्हणजे त्यांच्या मते हळूच विचारलं. बोळाच्या दुसऱ्या टोकाला रिकामं स्ट्रेचर ढकलत निघालेला एक वाळका माणूस जागच्या जागी ताठ झाला. त्यानं मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं. पण तो आवाज त्याला पाठ होता. शाळेत पोरं पट्टीला हात पुढं करतात तसे त्याचे दोन्ही हात नकळत पुढं आले होते. मग त्यानं ते परत स्ट्रेचरच्या दांडीवर ठेवले.

“सर? तुम्ही इथं?”

“तू येत नाहीस म्हणून मी आलो. कोर्स का सोडलास?”

“सोडला नाही सर. वेळ होत नाही.”

“खोटं बोलतोयस.”

“होय सर.”

मास्तर हसणार होते, पण त्याचा चेहरा बघून राहिले. मग हळूहळू सगळं निघालं. हा राहायचा मेहुण्याच्या घरी. बायको, दोन मुलं आणि हा एका खोलीत, मेहुण्याचं बिऱ्हाड दुसऱ्या खोलीत. फोन जुना, कानाला लावून ऐकू यायचं बंद झालेलं, स्पीकरवरच चाले. निरोप आला तेव्हा सगळे जेवायला बसले होते. मेहुणा म्हणाला, लावा भाऊजी, तुमचे सर काय म्हणतात ऐकू तरी. त्यानं अभिमानानं लावला.

“मोठे दिवे लावलेस, उंदीर घर सोडून जातील... आता घरात तेच चालतं सर. जिन्यातला बल्ब गेला तरी मेहुणा म्हणतो, भाऊजींना सांगू नका रे, उंदीर पळतील. परवा माझी धाकटीसुद्धा म्हणाली. तिला काय कळतंय.”

“पण मी चेष्टा करत होतो रे! हसत होतो!”

“असेल सर.”

“असेल काय? लाव. लाव तो निरोप.”

त्यानं लावला. बोळात मास्तरांचा आवाज उमटला आणि मास्तर दचकले. हा कोण? एकही श्वास न घेता, एकामागून एक, खिळे ठोकल्यासारखं बोलणारा हा कोण इसम? उंदीर घर सोडून जातील, तू आपला पेशंटच ढकल बाबा, मधे काही नाही, टाचणीएवढी फट नाही. असा माणूस मास्तरांच्या दारात आला असता तर त्यांनी त्याला आत घेतलं नसतं.

“इथं मी हसलो होतो,” ते बोट दाखवत म्हणाले, जणू हसू फोनच्या काचेवरून गळून खाली पडलं असावं. “इथं. आणि इथं तर केवढा!”

“हो सर,” वॉर्डबॉय समजुतीच्या सुरात म्हणाला. पेशंटशी बोलायची त्याला सवय होती.

“परीक्षेला येशील?”

“बघतो सर.”

मास्तरांना त्या ‘बघतो’मध्ये आशा दिसली. आणि ते घरी जाऊन मुलीवर तुटून पडले.

“तू माझं हसू कापलंस!”

“मी खोकला कापला, बाबा.”

“त्याच्या आधीचं हसू?”

“ते वेगळं कुठं असतं? तुम्ही हसायला लागलात की मी पाण्याचा ग्लास उचलते. माझ्या दृष्टीनं तो खोकलाच.” तिचा आवाज चढला. “तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे? दिवसभर दुकानात लोकांना खोकल्याची औषधं द्यायची आणि रात्री बापाचा खोकला निवडायचा, तांदळातले खडे निवडावे तसा! प्राचार्य तुम्हाला घरी बसवतील म्हणून केलं मी. तुम्ही तपासून घेता का? चला म्हटलं की कपाटात शिरता!”

मास्तर खाली बसले. मग मुलीनंच डोळे पुसून लॅपटॉप उघडला. मूळ रेकॉर्डिंगं तिनं टाकून दिली नव्हती. सगळी जपून ठेवली होती. का ठेवली होती ते तिनं सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही. बाप डॉक्टरकडं जायचं नाव काढत नव्हता आणि औषधाच्या दुकानातल्या मुलीला साधा खोकला कुठला ते कळत होतं, एवढं पुरे.

ढकलगाडीचा निरोप सापडला. मास्तरांनी कान देऊन ऐकला. हं! हा माणूस ओळखीचा होता. उंदरांच्या वेळचं ते गडगडणं, कपाटाचं दार, “बाबा, पाणी.” मास्तरांचा चेहरा उजळला.

“हा त्याला ऐकवायचा. आणि त्याला एकट्याला नाही. सगळ्या घराला. बेअब्रू घरादारासमोर झाली, भरपाईपण तिथंच झाली पाहिजे.”

“बाबा, नुसती माफी मागा ना.”

“माफी तर मागणारच. पण पुरावा नको?”

सुट्टीच्या दिवशी दोघं त्याच्या घरी गेली. जिना अरुंद, बल्ब अजून गेलेलाच. दार मेहुण्यानं उघडलं: गुबगुबीत, हसतमुख, पाहुण्यांना पुढं होऊन खुर्च्या देणारा माणूस. दुष्ट अजिबात नव्हता. घरात एक चेष्टेचा विषय हाताशी असला की दिवस बरा जातो, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. “या या सर! तुमच्यावाचून आमचं पान हलत नाही!” त्यानं सगळ्यांना गोळा केलं. वॉर्डबॉयची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मुलं समोर बसली. वॉर्डबॉय कॉटच्या कडेवर, पाठीला उशी लावून. त्याच्या पायाशी कॉटखालून लाकडी फळीचा कोपरा दिसत होता, आणि तारा सोडवून, सरळ करून, गुंडाळून फळीवर नीट ठेवलेल्या होत्या.

मास्तरांनी ते पाहिलं. पोरगं परत करत होतं की बोर्ड! आता फक्त एक धक्का हवा होता.

“मंडळी,” ते उभे राहिले, “तुमच्या भाऊजींना मी जो निरोप पाठवला, तो अर्धा होता. पुरा आता ऐका.”

मुलीनं बापाकडं एकदा पाहिलं आणि बटण दाबलं.

मांजरानं लोकर विस्कटलीय; हसू. मोठे दिवे लावलेस, मोठं हसू. उंदीरसुद्धा घर सोडून जातील; आणि ते गडगडणं सुरू झालं, पायरी पायरीनं, सगळ्या खोलीभर. पहिला फुटला मेहुणा. मांडीवर थापा मारत हसायला लागला. मग त्याची बायको. मग मुलं, मोठी माणसं हसतात म्हणून. लॅपटॉपमधले मास्तर हसत होते आणि खोलीतले लोक हसत होते, एका सुरात, एकाच माणसाकडं बघून. तू आपला पेशंटच ढकल बाबा, म्हटल्यावर धाकटीनं बापाला खरंच ढकलून दाखवलं. वॉर्डबॉयची बायको चौकट सोडून आत निघून गेली.

मास्तर खोलीच्या मधोमध उभे होते. त्यांचे हात रिकामे होते. वर्कशॉपमध्ये अशा वेळी त्यांच्या हातात पोराचं मनगट असे, पक्कड असे, तार असे. ते कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. ते कापलं गेलं नव्हतं; ते आत आलंच नव्हतं.

“बंद कर,” ते मुलीला म्हणाले. तिनं आधीच केलं होतं.

हसणं ओसरल्यावर वॉर्डबॉय सावकाश म्हणाला, “सर, तुम्ही बोळात सांगितलंत तरी मला वाटत होतं तुम्ही चिडलात.”

“नाही रे...”

“चिडणं चालतं सर. मास्तर चिडतातच. चांगलं काम करून दाखवलं की चिडलेल्या माणसाचा राग जातो, म्हणून मी बोर्ड सोडवला होता.” तो थांबला. “तुम्ही हसत होता होय?”

त्यात टोमणा नव्हता. नवीन माहिती मिळाल्यावर माणूस ती एकदा मोठ्यानं म्हणून बघतो, तसा तो म्हणाला. मग पायानं फळी हळूच कॉटखाली सारली.

मास्तरांनी माफी मागितली. घसा साफ नव्हता, शब्दही धड जमले नाहीत. “मी इथं येतो रोज. तुझ्याजवळ बसतो. तोंडातून चकार शब्द काढणार नाही, नुसता हात धरून शिकवतो,” असं ते म्हणाले, आणि हे त्यांनी आयुष्यात कोणालाच देऊ केलं नव्हतं. मेहुणा म्हणाला, “भोंगा आणि गप्प? सर, तुम्ही पण!” आणि पुन्हा हसला.

“नको सर. त्रास घेऊ नका,” वॉर्डबॉय म्हणाला. पाहुण्यांना निरोप द्यायला तो जिन्यापर्यंत आला. अंधारात मुलीला म्हणाला, “ताई, जपून. एक पायरी तुटलीय.” आणि मास्तरांच्या कोपराला धरून त्यानं त्यांना ती पायरी उतरवून दिली, सवयीनं, कुठल्याही पेशंटला द्यावी तशी.

परीक्षेच्या दिवशी वर्कशॉप उघडलं. टेबलं पुसली होती, उरलेल्यांपुरत्या फळ्या मांडल्या होत्या, आणि मास्तरांच्या सांगण्यावरून एक जास्तीची. उरलेली अर्धी तुकडी भिंतीला लागून उभी होती, आणि मास्तर आत आल्याबरोबर सगळे असे ताठ झाले की मास्तरांना आत यायची लाज वाटली. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघत होते.

“एक जागा रिकामी दिसतेय, मास्तर. येणार आहे का कोणी?”

“एक मिनिट,” मास्तर म्हणाले आणि बाहेर जाऊन फोन लावला.

फोन मेहुण्यानं उचलला. “भाऊजी? ते ड्यूटीवर गेले की सकाळीच. फोन घरीच विसरले. हो हो, सांगितलं होतं मी त्यांना, आज परीक्षा म्हणून.” मग आवाज खाली आणून, जवळच्या माणसाशी बोलावं तसं तो म्हणाला, “सर, एक काम होतं. तो तुमचा निरोप भाऊजींनी फोनमधून काढून टाकला हो. तुम्ही लॅपटॉपवरचा पाठवाल का? तो हसण्याचा. दुकानातल्या मंडळींना ऐकवायचा होता.”

मास्तरांना खोकला आला. तो पुरा होईपर्यंत मेहुणा पलीकडं सौजन्यानं थांबला होता. मग मास्तरांनी फोन बंद केला, आत गेले आणि परीक्षकांना हलक्या आवाजात, इतक्या हलक्या की त्यांना पुन्हा विचारावं लागलं, म्हणाले, “सुरू करा.”